खिडकीचं नाव दार

सरांच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस ‘दार लावा जरा’ म्हटलं की उठून दार लावायचा, आणि सर वैतागायचे. ‘दार म्हणलं मी,’ असं म्हणून ते खिडकीकडे बोट करायचे. पाहुणा ओशाळून खिडकी लावायचा. निघताना सर पुन्हा म्हणायचे, ‘खिडकी ओढून घ्या, पावणं.’ तो बिचारा पायात चपला अडकवून पायरीवर उभा, आणि आता कुठली खिडकी ओढू म्हणून आत डोकावतोय. मग सरांच्या बायको, आमच्या काकू, स्वयंपाकघरातून ओरडायच्या, ‘दार ओढा हो, दार. आमचं म्हातारं असलंच हाय.’

जुन्नरात पुष्कळांनी सरांना शेवटी शेवटी भ्रमिष्ट ठरवलं ते एवढ्या एका गोष्टीवरून. मला याचा फार राग यायचा. सरांना आळीतल्या प्रत्येक पोराचा वाढदिवस पाठ होता, आणि आदल्या दिवशी भाजीवाल्याला काय म्हणालो तेही. दार आणि खिडकीची अदलाबदल ही म्हातारपणाची खोड नव्हती. ती वीस वर्षं जुनी होती आणि ती लागली तेव्हा मी तिथं हजर होते. थोडी माझ्या हलगर्जीपणामुळे लागली, हेही कबूल केलेलं बरं.

मला नोकरी लागली ती घाटघरच्या बाजूला एका वाडीवर. दोन शिक्षकांची शाळा, एक लांब खोली, पुढे पडवी. सर तिथले मुख्याध्यापक, म्हणजे आम्हा दोघांतले मोठे. मी नारायणगावच्या शिकल्या-सवरल्या घरातली, परिपत्रकाला देव मानणारी आणि नाकावर राग घेऊन फिरणारी. पहिल्याच सकाळी एक पोरगं म्हणालं, ‘बाई, काल लई धुकं व्हतं.’ मी त्याला तिथल्या तिथं थांबवलं. ‘होतं म्हण. होतं.’

मागून सरांचा आवाज आला, ‘व्हतं म्हणल्यानं धुकं कमी झालं का, बाई?’

मला वाटलं हा माणूस आपली चेष्टा करतोय. पण ते अगदी मनापासून विचारत होते. दुपारी डबा खाताना त्यांनी विषय पुन्हा काढला. ‘होतं पण शिकवू आपण त्याला. परीक्षेला लागतं, तालुक्याला लागतं. पण त्याच्याकडचं व्हतं काढून घेऊ नका. ते त्याच्या आईचं हाय.’ मी मनात म्हटलं, बरा भेटलाय.

सर घोडेगावकडचे. अंगाने काटकुळे, पांढरा सदरा, खिशात दोन पेनं आणि एक पेन्सिल. बोलताना व्हतं, न्हाई, आमी, तुमी सर्रास. लिहायला बसले की अक्षर आणि भाषा अशी की जिल्ह्याहून आलेला साहेब अर्ज दोनदा वाचायचा. त्यांना जगात एकाच गोष्टीचं खरं नवल वाटायचं. आपण ‘पाणी’ म्हणतो आणि समोरचा तांब्या भरून आणतो, याचं. ‘त्या आवाजात ओल कुठंय?’ असं ते विचारायचे. चहाच्या टपरीवर विचारायचे, जीपमध्ये शेजारी बसलेल्या म्हातारीला विचारायचे. म्हातारी म्हणायची, ‘मास्तर, मला काय ठावं? आमच्यात पानीच म्हन्त्यात.’ सर खूश व्हायचे. ‘बरोबर. ठरलंय म्हणून हाय.’

‘ठरलंय म्हणून हाय’ हे त्यांचं पालुपद होतं. त्यांच्या घरी स्टीलच्या डब्यांची उतरंड होती. ‘चहा’ कोरलेल्या डब्यात हळद, ‘साखर’ कोरलेल्यात रवा, आणि साखर एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. कुणाच्या घरात वेगळं असतं? पण आपल्यातलं कुणी तिकडे लक्ष देत नाही, आणि सर पाहुण्यांना हात धरून स्वयंपाकघरात नेऊन ते डबे दाखवायचे. ‘बघा. काकू कधी चुकत न्हाई. वर कोरलंय काय आणि आत हाय काय, तरी पंचवीस वर्षं चहा गोड व्हतोय. घरातल्यांनी ठरवलं की झालं.’ काकू म्हणायच्या, ‘शोभा झाली माझी. आता बाहेर चला.’

एकदा मी त्यांना हटकलं. शब्द म्हणजे नुसती ठरवाठरवी असेल, तर त्यात एवढं जीव टाकण्यासारखं काय आहे? सरांनी डब्याचं झाकण लावलं. ‘शब्दाचं आणि वस्तूचं नातं रक्ताचं नसतं, बाई, सोयरिकीचं असतं. चार माणसांनी बसून जुळवलेलं. पण सोयरिकीत काय कमी जीव गुंततो का?’ आणि मग त्यांनी त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगितली. छप्पन साल उलटलं आणि आजोबांनी स्वतःसाठी नवा शब्द घेतला. माणूस तोच, घोंगडं तेच, घर गावाबाहेर तिथंच. ‘कोण रं तू?’ असं कुणी विचारलं की ते पहिल्यासारखं खाली बघून उत्तर द्यायचे नाहीत. वर बघून ‘बौद्ध’ म्हणायचे. ‘ज्या ओट्यापुढून जाताना ते चपला हातात घ्यायचे, तिथून चपला घालून गेले,’ सर म्हणाले. ‘दुसऱ्यांनी ठरवलेला शब्द आमी मानला न्हाई. एवढंच झालं. पण बघा केवढं झालं.’ त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाची गंमत करण्यात आपलंच हसं होईल.

शाळेत त्यांनी सगळ्या वस्तूंना नावाच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापायच्या, त्यावर ठसठशीत अक्षरात ‘फळा’, ‘खुर्ची’, ‘घंटा’ लिहायचं आणि भाताच्या खळीनं चिकटवायचं. हे पुष्कळ शाळांतून होतं. पण एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर सरांनी मुलांना गोळा केलं आणि सांगितलं, ‘आजपासून एक महिना दाराला खिडकी म्हणायचं आणि खिडकीला दार. ठरलं?’ मुलं म्हणाली, ठरलं. दारावर ‘खिडकी’ची चिठ्ठी आली, खिडकीवर ‘दार’ची. दोन दिवस हसाहशी झाली. आठवड्याने कुणाच्या लक्षातही राहिलं नाही की काही बदललंय. मुलं सकाळी खिडकीतून आत यायची आणि दारातून बाहेरची गुरं बघायची. चुकायची ती मी.

नेमके त्याच महिन्यात केंद्रप्रमुख तपासणीला आले. वारं सुटलं होतं, त्यांचे कागद उडायला लागले. ते म्हणाले, ‘दार लावा रे ते.’ तिघं पोरं धावत जाऊन खिडकी लावून आली. कागद उडतच होते. केंद्रप्रमुखांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सरांनी सगळं समजावलं. केंद्रप्रमुख म्हणाले, ‘पोरांना उलटं शिकवताय तुम्ही.’ सर शांतपणे म्हणाले, ‘उलटं न्हाई, साहेब. सुलटं पण ठरवलेलंच हाय, एवढं शिकवतोय.’ शेऱ्याच्या वहीत लाल शाईने चार ओळी आल्या. महिना संपला तेव्हा सरांनी मुलांना सांगितलं की खेळ आटोपला, आता जुनी नावं. मला म्हणाले, ‘बाई, तेवढ्या दोन चिठ्ठ्या काढून सुलट्या लावा.’ मी काढल्या, अगदी ओरबाडून काढल्या. सुलट्या लावायच्या राहून गेल्या.

सविता त्याच महिन्यात शाळेत यायला लागली होती.

आठ-नऊ वर्षांची असेल. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलता येत नव्हतं. वाडीवर तिचं नाव असून नसल्यासारखं, सगळे ‘मुकी’ म्हणायचे. आईबाप खाली बागायतात कामाला गेले, आणि घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून चुलतभावाबरोबर तिला शाळेत धाडलं. ती खिडकीखाली बसायची. मी तिला पाटी-पेन्सिल दिली आणि माझ्या परीने काम संपवलं. सर मात्र रोज दुपारी तिचा हात धरून खोलीभर हिंडायचे. चिठ्ठीवर तिचं बोट ठेवायचं, मग वस्तूवर. घंटा. फळा. पाणी. ती अक्षरं चित्रासारखी उतरवायची. एका दुपारी सरांनी पाटीवर ‘घंटा’ लिहिलं आणि ती उठून घंटा घेऊन आली. सर मला म्हणाले, ‘बाई, हिनं कुठलाच आवाज न ऐकता शब्द घेतला.’ त्यांचे डोळे भरून आले होते. मी तेव्हा हजेरीची बेरीज करत होते, आणि ती मी तशीच सोडली.

तिच्या पाटीवर त्यांनी पहिल्यांदा ‘सविता’ लिहून तिच्या छातीवर बोट ठेवलं, त्यानंतर ती पाटी चार दिवस तिने पुसू दिली नाही.

सरांनी पत्रं लिहून लिहून शहरातल्या एका निवासी शाळेत तिच्यासाठी जागा मिळवली. ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा. अट एकच होती, तपासणीचा कागद हवा आणि त्यावर बुद्धी सर्वसाधारण असल्याचं लिहिलेलं हवं. होळीच्या सुमाराला जवळच्या मढ गावातल्या एका शाळेत तपासणीचं शिबीर भरलं. सर, मी, सविता, तिचा बाप आणि चुलतभाऊ असे आम्ही जीपने गेलो. तपासायला आलेले साहेब भले होते, पण दमलेले होते. रांग पडवीतून अंगणापर्यंत गेली होती. त्यांनी सविताच्या बापाला विचारलं, ‘हिला समजतं का सगळं?’ बाप हात जोडून म्हणाला, ‘लई गुणाची हाय, सायेब. पन कळत काय नाय.’ साहेबांचं पेन ‘मतिमंद’च्या रकान्याकडे गेलेलं मी पाहिलं. तिथे खूण झाली असती, तर ती निवासी शाळा संपली होती, आणि बापाने आमच्या शाळेतूनही तिला काढली असती. पुढे आयुष्यभर हिरडे गोळा करायचे आणि मुकी म्हणून हाक न ऐकता जगायचं.

सर पुढे झाले. ‘साहेब, तिला वाचता येतं. लिहून सांगा.’

साहेबांना नवल वाटलं. त्यांनी एका कोऱ्या कागदावर लिहिलं, ‘दार लाव’, आणि तिच्यापुढे धरलं. सविताने कागद वाचला. तिचा चेहरा उजळला. ती उठली, उघड्या दारासमोरून चालत गेली आणि तिने खिडकीची दोन्ही झडपं ओढून लावली. मग साहेबांकडे बघून हसली.

साहेबही हसले, पण ते हसू वेगळं होतं. बापाने मान खाली घातली. सरांचा चेहरा पांढराफटक पडला आणि ते माझ्याकडे वळले. त्यांनी नजरेने काय विचारलं ते मला समजलं. मी मान हलवली. नाही लावल्या, सर, सुलट्या चिठ्ठ्या. खेळ संपल्याचं सरांनी तोंडाने सांगितलं होतं, आणि सगळ्या शाळेत ते जिला ऐकू आलं नाही अशी ती एकटीच होती. रोज नवा शब्द शिकवण्याच्या नादात ते जुने दोन कुणी पुन्हा काढलेच नव्हते.

‘साहेब,’ सर म्हणाले, ‘खूण करायच्या आधी एकदा ‘खिडकी लाव’ असं लिहा. तुमची मोठी मेहरबानी होईल.’

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि लिहिलं. सविताने वाचलं आणि जाऊन दार लावलं.

खोलीत अंधार झाला. वीज नव्हतीच. बाहेरची रांग दारावर थापा मारायला लागली. त्या अंधारात मला सरांचा आवाज तेवढा ऐकू येत होता, आणि तो कापत होता. ‘चूक माझी हाय, साहेब. महिनाभर आमच्या शाळेत खिडकीला दार म्हणायचं ठरलं व्हतं. नंतर आमी सगळ्यांनी मोडलं आणि हिला सांगितलं न्हाई. जिला समजत न्हाई ती कधी दार लावील, कधी खिडकी, कधी नुसती बघत बसंल. ही दोन्हीदा चुकली आणि एकाच नियमानं चुकली. इतकं नेमकं चुकायला डोकं लागतं.’

 साहेबांनी मग हुशारीचं काम केलं. सरांवर विसंबले नाहीत. दार किलकिलं करून त्यांनी रांगेत उभ्या असलेल्या चुलतभावाला आत घेतलं आणि त्याला विचारलं, ‘काय रे, तुमच्या शाळेत खिडकीला काय म्हणतात?’ पोरगं गोंधळलं. ‘आता का तवा, सायेब?’

‘तेव्हा.’

‘तवा दार म्हनायचो. सरांनी ठरावलं व्हतं.’

किलकिल्या दारातून येणाऱ्या उजेडात साहेबांनी आणखी पाच-सहा शब्द लिहिले. पाणी, खुर्ची, पेन. सविताने एकेक वस्तू आणून टेबलावर ठेवली. ‘सविता’ लिहिलं तेव्हा ती स्वतःच येऊन टेबलाला टेकून उभी राहिली. साहेबांनी कागदावर जे लिहायचं ते लिहिलं, सही केली आणि शिपायाला म्हणाले, ‘अरे, ती खिडकी... म्हणजे ते दार उघड.’ बाप काही न समजून सरांच्या पाया पडायला लागला. सरांनी त्याला वरच्या वर उचललं.

परतताना जीपमध्ये मी माफी मागितली. म्हटलं, उद्या पहिलं काम तिला बरोबर शिकवायचं. सर बाहेर बघत होते. ‘आपण सगळे एका भाषेतून उठून आलो, बाई,’ ते म्हणाले, ‘आणि ती तीन-चार महिने तिथं एकटीच बसून राहिली. कुणी येईल म्हणून.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे केलं तसं काही मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत पुन्हा पाहिलं नाही. त्यांनी दारावर दोन चिठ्ठ्या लावल्या, वर ‘दार’, खाली ‘खिडकी’. खिडकीवर दोन, वर ‘खिडकी’, खाली ‘दार’. सविताला समोर उभी केली. वरच्या चिठ्ठीवर बोट ठेवून हात असा फिरवला की त्यात मी आले, मुलं आली, वाडी आली, समोरचे डोंगर आले आणि त्यापलीकडचं सगळं आलं. मग खालच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं, तिच्या छातीवर ठेवलं आणि स्वतःच्या छातीवर ठेवलं. वरचा शब्द जगाचा, खालचा आपल्या दोघांचा. सविता बघत राहिली. मग तिने स्वतः उठून तेच सगळं सरांना करून दाखवलं, डोंगरांसकट.  आम्हाला बी.एड.ला, डी.एड.ला काय काय शिकवतात. यातलं काही कुणी शिकवलं नव्हतं.

जूनमध्ये ती शहरात गेली, आणि त्या दिवसापासून सर सगळ्यांशीच खिडकीला दार म्हणू लागले. शाळेत नाही, शाळेत ते काटेकोर होते. पण घरी, टपरीवर, पुढे निवृत्त होऊन जुन्नरला राहायला आले तेव्हा आल्यागेल्याशी. मी एकदा चिडून म्हटलं, तिच्याशी बोला की तसं, आमचा छळ कशाला? तेव्हा ते म्हणाले, ‘नुसतं ती आल्यावर बोललो तर ते नाटक झालं, बाई. शब्दाला दोन माणसं लागत्यात. एकानं रोज तिथं राहायला पाहिजे, म्हणजे दुसऱ्याला सुट्टीत यायला घर ऱ्हातं.’

ती यायची. दर सुट्टीत. पुढे तिला नीट खुणांची भाषा आली, मराठी आली, हिंदी आली. आता ती पुण्यात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात संगणकावर मजकूर जुळवते. तिचा नवराही तिच्यासारखाच. सरांकडे आली की दोघं कागदावर नाहीतर मोबाईलवर लिहून तासन्‌तास गप्पा मारायची, आणि त्या कागदांवर खिडकीचं नाव दार असायचं. काकू ते चुरगळलेले कागद केरात टाकताना पुटपुटायच्या, ‘दोघं येडी.’

सर गेले मागच्या हिवाळ्यात. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. भंतेजींचं वंदना-पठण झालं, मेणबत्त्या आणि अगरबत्त्या लागल्या, पुढच्या खोलीत धूर कोंडला. सविता काकूंशेजारी बसली होती. खोकत होती. तिने मोबाईल काढला आणि लिहिलं, ‘दार उघडता का?’ मी तिच्या मागेच होते, मला दिसलं. मग तिची नजर समोरच्या हार घातलेल्या फोटोकडे गेली. ती थांबली. तिने ‘दार’ पुसलं आणि त्या जागी ‘खिडकी’ लिहिलं. तेवढं करून मोबाईल काकूंच्या हातात दिला.

 त्या शब्दाला आता दुसरं माणूस राहिलं नाही, हे त्या पोरीने माझ्यासमोर मान्य केलं होतं.

काकूंनी मोबाईल लांब धरून वाचलं. सविताकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. मग पदराला बोट पुसून, एका बोटाने, फार वेळ लावून त्यांनी ती अक्षरं एकेक करून खोडली आणि नवा शब्द घातला. मोबाईल सविताला परत दिला. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. मी पाय जवळ घेऊन त्यांना वाट करून दिली. बसलेल्या माणसांतून वाट काढत त्या भिंतीपर्यंत गेल्या, दोन्ही झडपांची कडी काढली आणि त्यांनी दार उघडलं. समोर शिवनेरी दिसायला लागला.